दोष सापडल्यावर : ग्राहकाचा हक्क आणि ग्राहकाची अमानत



मशिदीत इमामाकडे येणारे प्रश्न बहुधा नमाज, रोजा, जकात आणि तलाक यांविषयीचे असतात. बाजारातून घरी आणलेल्या वस्तूविषयी विचारायला क्वचितच कोणी येतो. जणू मशिदीच्या पायऱ्या उतरल्या की दीन मागे राहतो आणि पुढे केवळ व्यवहार सुरू होतो. वस्तुतः पवित्र कुरआनात एका प्रेषिताचे, हजरत शुऐब (अलै.) यांचे, वर्णन आले आहे. त्यांनी आपल्या कौमला एकेश्वरत्वाच्या पाठोपाठ जी शिकवण दिली ती माप-तोलाची होती : लोकांना त्यांच्या वस्तू कमी करून देऊ नका (सूरह अल-आराफ, आयत ८५चा आशय). ज्या दीनमध्ये तराजूचा काटा हा प्रेषिताच्या दावतीचा विषय होतो, त्या दीनमध्ये दुकानाचे बिल हा मशिदीबाहेरचा विषय कसा असेल?

गेल्या लग्नसराईत आपल्या वाशिम जिल्ह्यातील एक तरुण इशाच्या नमाजनंतर थांबला. लग्नसमारंभाची छायाचित्रे काढणे हा त्याचा रोजगार. (छायाचित्रणाच्या हुकुमाविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत, तो आजचा विषय नाही.) वडिलांनी सोयाबीन विकून दिलेले पैसे आणि स्वतःची दोन वर्षांची बचत एकत्र करून त्याने शेजारच्या जिल्ह्यातील एका दुकानातून ६०,००० रुपयांचा नवा डिजिटल कॅमेरा आणला होता. दुसऱ्याच दिवशी त्याच्या लक्षात आले की अंधाऱ्या पार्श्वभूमीवरील प्रत्येक चित्रात त्याच-त्याच जागी तीन-चार ठिपके उमटतात. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारा जो सेन्सर असतो, त्यातील काही कण निकामी होते. या व्यवसायात त्यांना ‘डेड पिक्सेल’ म्हणतात.

बिलावर लिहिले होते की दोष आढळल्यास सात दिवसांत वस्तू बदलून मिळेल. पाचव्या दिवशी एक निकाह आणि सहाव्या दिवशी त्याचा वलीमा, असे काम त्याने आधीच घेतले होते. बयाणाही घेतला होता. त्याचा प्रश्न असा होता : “मौलाना, दोन्ही कार्यक्रम याच कॅमेऱ्यावर उरकतो आणि सातव्या दिवशी परत नेऊन देतो. मुदत तर सातव्या दिवसापर्यंत आहेच. यात काही हरकत आहे का?”

वाचकहो, मी त्याला दिलेले पहिले उत्तर चुकीचे होते, हे इथे मान्य करतो. त्याच्या प्रश्नातील दुसऱ्या भागाकडे मी लक्षच दिले नाही. मी म्हणालो, “अरे भाई, तीन-चार ठिपके ते काय! सब्र कर. पदरी पडले पवित्र झाले.” तो “जी” म्हणून उठला. दारापर्यंत जाऊन वळला आणि म्हणाला, “ठीक आहे मौलाना, ठेवतो. पुढच्या वर्षी विकताना गिऱ्हाइकाला तरी कुठे दिसणार आहेत?”

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली. ज्याला मी सब्र म्हणत होतो, त्यातून एका तिसऱ्या माणसाच्या फसवणुकीची वाट निघत होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा बोलावले. आम्ही दोघांनी मिळून हा प्रश्न ज्या क्रमाने पाहिला, त्याच क्रमाने तो आपल्यापुढे ठेवतो. आपल्या घरात कॅमेरा नसेल. पण मोबाइल, शिलाई यंत्र, पाण्याचा पंप, दुभते जनावर, यांपैकी काही ना काही आपण घेतोच.

दोष कशाला म्हणावे?

पहिला प्रश्न भावनेचा नाही, ज्ञानाचा आहे. हनफी फिकहच्या ‘हिदाया’ या ग्रंथात, जो आपल्या मदरशांतून शिकवला जातो, दोषाची कसोटी अशी सांगितली आहे की व्यापाऱ्यांच्या रूढीत ज्या गोष्टीमुळे वस्तूची किंमत उतरते, ती गोष्ट दोष होय. म्हणजे दोष आहे की नाही हे ग्राहकाच्या संतापावर ठरत नाही आणि विक्रेत्याच्या “चालतं हो एवढं” यावरही ठरत नाही. ते जाणकारांच्या दृष्टीवर ठरते. ज्या गोष्टीचे ज्ञान आपल्याला नाही ती जाणत्यांना विचारावी, हा कुरआनचाच आदेश आहे (सूरह अन-नहल, आयत ४३चा आशय).

म्हणून आम्ही रोलच्या काळापासून हे काम करणाऱ्या एका ज्येष्ठ छायाचित्रकारांकडे गेलो. ते आपल्या धर्माचे नव्हेत. पण त्या विद्येतील जाणते होते, आणि अशा साक्षीत तेवढेच पाहिले जाते. त्यांनी लेन्सवर झाकण लावून, म्हणजे पूर्ण अंधारात, काही चित्रे घेतली. मग ती संगणकावर मोठी करून पाहिली. ठिपका केवळ कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसत असेल तर दोष पडद्याचा. चित्राच्या फाइलमध्येही त्याच जागी दिसत असेल तर दोष सेन्सरचा. त्यांनी आणखी एक भेद समजावून दिला. काही कण मेलेले नसतात, केवळ ‘तापलेले’ असतात. सेन्सर गरम झाला किंवा शटर बराच वेळ उघडे राहिले की ते चमकतात आणि एरवी दिसत नाहीत. आपल्या विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात असे ठिपके कोणत्याही कॅमेऱ्यात दिसू शकतात. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सुमारे २ कोटी ४० लाख कण असतात. त्यांतील एखादा असा निघाला तर जाणते त्याला दोष मानत नाहीत, आणि कित्येकदा कंपनीच्या सेवाकेंद्रात त्याची दुरुस्तीही होते. शेजारच्या कणांवरून त्या जागेचा रंग भरून घेण्याची सोय कॅमेऱ्यात करून दिली जाते.

परंतु या तरुणाच्या कॅमेऱ्यात थंड वेळी आणि नेहमीच्या वापरातही ठिपके कायम होते, आणि त्यांतील दोन चित्राच्या मध्यभागी, म्हणजे जिथे माणसाचा चेहरा येतो नेमके तिथे होते. ज्येष्ठांनी निर्णय दिला : “असा पीस बाजारात पूर्ण किमतीला जाणार नाही.” शरीअतच्या कसोटीवर दोष सिद्ध झाला.

इथे हजरत वासिला बिन अस्का (रजि.) यांची हकीकत आठवते. एका माणसाने उंट विकत घेतला आणि तो निघाला. हजरत वासिला (रजि.) त्याच्यामागे धावत गेले आणि त्यांनी विचारले की हा उंट मांसासाठी घेतलास की प्रवासासाठी? तो म्हणाला, प्रवासासाठी. तेव्हा त्यांनी सांगितले की याच्या पायात दोष आहे, हा लांबची मजल मारू शकणार नाही. उंटाचा मालक त्यांच्यावर रागावला की तुम्ही माझा सौदा मोडलात. त्यावर त्यांनी प्रेषित (स.) यांची शिकवण ऐकवली. तिचा आशय असा की दोष न सांगता वस्तू विकणे कोणालाही वैध नाही. आणि ज्याला तो दोष ठाऊक आहे, त्यालाही गप्प बसणे वैध नाही.

या हकीकतीत दोन धडे आहेत. पहिला, दोषाचे वजन वस्तूच्या उपयोगावरून ठरते. मांसासाठी घेतलेल्या उंटाचा पाय आणि प्रवासाच्या उंटाचा पाय एक नव्हे. घरच्या मुलांचे फोटो काढणाऱ्याचा ठिपका आणि रात्रीच्या वलीम्याचे चित्रण करून पोट भरणाऱ्याचा ठिपका एक नव्हे. दुसरा धडा अधिक गंभीर आहे. दोषाची माहिती ही स्वतःच एक अमानत आहे. ती ज्याच्याजवळ आली, त्याच्यावर जबाबदारी आली.

परत करणे म्हणजे बेसब्री नव्हे

आपल्या समाजात एक गैरसमज दृढ आहे की धार्मिक माणसाने तक्रार करू नये, झालेले नुकसान गिळावे. “पदरी पडले पवित्र झाले” ही म्हण आपण सहज वापरतो, जशी मीही वापरली. पण शरीअतने सदोष वस्तूला पवित्र म्हटलेले नाही. तिने ग्राहकाला एक अधिकार दिला आहे, ज्याला फिकहच्या परिभाषेत ‘खियारे ऐब’ म्हणतात. खरेदीच्या वेळी ठाऊक नसलेला आणि विक्रेत्याकडे असतानाच वस्तूत असलेला दोष नंतर आढळला, तर ग्राहकाने हवे तर वस्तू पूर्ण किमतीत ठेवून घ्यावी, हवे तर परत करून आपले पैसे घ्यावेत. हा अधिकार करारात लिहिलेला नसला तरी मिळतो. कारण खरेदीदार निर्दोष वस्तू मिळेल या विश्वासानेच पैसे देत असतो.

याशिवाय मुदत ठरवून घेण्याचाही अधिकार आहे, त्याला ‘खियारे शर्त’ म्हणतात. हजरत हब्बान बिन मुन्किज (रजि.) व्यवहारात वारंवार फसवले जात. प्रेषित (स.) यांनी त्यांना खरेदी करू नका असे सांगितले नाही. त्यांना शिकवण दिली की सौदा करतानाच सांगत जा, यात फसवणूक चालणार नाही. आणि तीन दिवसांचा अवधीही दिला. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ही मुदत तीन दिवसांचीच असते, त्यांचे शिष्य इमाम अबू युसूफ (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते उभयतांनी ठरवलेली निश्चित मुदत त्याहून अधिकही असू शकते. आजच्या बिलावरील ‘सात दिवसांत बदलून मिळेल’ ही ओळ वाचताना मला हब्बान (रजि.) आठवतात.

भोळ्या माणसाच्या हक्काची ही काळजी देशाचा कायदाही घेतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सदोष वस्तू बदलून मागण्याचा अथवा पैसे परत मागण्याचा मार्ग देतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. हा मार्ग वापरणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

मग हक्क सोडून देणे पुण्याचे नाही का? निश्चित आहे. विक्रेता गरीब असेल, दोष किरकोळ असेल आणि आपण मनापासून क्षमा केली, तर तो एहसान आहे आणि त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे. पण एहसान ज्याचा त्याने करायचा असतो. इमामाने दुसऱ्याच्या खिशातून तो करवून घ्यायचा नसतो. त्या रात्री माझी चूक हीच झाली. त्यातही, ज्याने हक्क सोडला पण नुकसान पुढच्या माणसाच्या गळ्यात टाकायचे ठरवले, त्याने क्षमा कुठे केली? त्याने केवळ फसवणूक पुढे ढकलली.

वलीमा उरकून परत करावे का?

आता त्या तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. फुकहाने हा प्रश्न कॅमेऱ्याच्या शतकानुशतके आधी, घोड्या-खेचरांच्या बाजारात सोडवून ठेवला आहे. एखाद्याने स्वारीचे जनावर घेतले, त्यात दोष आढळला, आणि त्यानंतर तो आपल्या कामासाठी त्यावर बसून गेला, तर त्याने दोषासह ते जनावर पत्करले असे मानले जाईल आणि परत करण्याचा अधिकार संपेल. पण ते परत करण्यासाठी, त्याला पाणी पाजण्यासाठी किंवा त्याच्यासाठी चारा आणण्यासाठी तो त्यावर बसला, तर ती संमती मानली जाणार नाही.

किती नेमका भेद आहे हा! स्वारी तीच, जनावर तेच, रस्ताही कदाचित तोच. निर्णय मात्र हेतूवर आणि उपयोगावर फिरतो. झाकण लावून अंधारात घेतलेली चित्रे ही पारख होती. दोष कळल्यानंतर त्याच कॅमेऱ्यावर निकाह आणि वलीम्याचे चित्रण करून मोबदला घेणे ही आपल्या कामाची स्वारी ठरली असती. मग सातव्या दिवशी दुकानात जाऊन “कॅमेरा सदोष आहे, परत घ्या” म्हणणे हे शब्दाने सत्य, पण आशयाने असत्य झाले असते. विक्रेत्याने मुदत दिली ती दोष पारखण्यासाठी, फुकट भाड्याने वापरण्यासाठी नव्हे. लोकांकडून घेताना माप पुरेपूर भरून घेणारे आणि देताना कमी देणारे अशा माणसांच्या विनाशाचा इशारा सूरह अल-मुतफ्फिफीनच्या प्रारंभीच आला आहे. तो इशारा केवळ काउंटरच्या आतल्या माणसाला नाही, बाहेरच्या माणसालाही आहे.

इथे तरुणाने एक प्रामाणिक शंका विचारली : “मग दोष लक्षात येण्याआधी पहिल्या दिवशी काढलेल्या शंभरेक फोटोंचे काय? त्याचे भाडे द्यावे लागेल का?” नाही. प्रेषित (स.) यांच्यासमोर असा एक दावा आला होता. सदोष म्हणून परत केलेल्या गुलामाच्या दरम्यानच्या कमाईवर विक्रेता हक्क सांगत होता. निर्णयाचा आशय असा झाला की ज्याच्यावर नुकसानीची जोखीम, त्याचाच लाभ (सुनन अबू दाऊद). कॅमेरा त्या दिवशी पडला असता तर नुकसान तरुणाचेच होते. म्हणून त्या दिवसाचा निर्मळ उपयोगही त्याचाच. शरीअत ग्राहकाला मोकाट सोडत नाही, तशी विनाकारण पिळतही नाही.

दुकानदार बंधूंसाठी

वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनच्या हंगामात ज्यांनी वावर केला आहे, त्यांना ढिगात खोलवर हात घालून ओलावा पाहणारा व्यापारी परिचित आहे. सरकारी हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १२ टक्के असते, आणि वरचा कोरडा थर पाहून कोणी भाव देत नाही. चौदाशे वर्षांपूर्वी मदीनेच्या बाजारात प्रेषित (स.) यांनी धान्याच्या ढिगात असाच हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. त्यांनी विचारले की मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता? आणि जो फसवतो तो आपल्यातला नव्हे, असा कठोर इशारा दिला (सहीह मुस्लिम). लक्षात घ्या, पाऊस हा त्या माणसाचा अपराध नव्हता. ओल झाकणे हा अपराध होता. निकामी कण हा दुकानदाराचा अपराध नाही. तो ठाऊक असून झाकला, तर अपराध त्याचा.

इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराकडून एकदा सदोष कापड दोष न सांगता विकले गेले आणि ग्राहक कोण होता हे कळेना. तेव्हा त्या मालाची सगळी किंमत त्यांनी दान करून टाकली. आपल्या कित्येक दुकानांत मात्र पाटी असते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ केवळ मन बदलले म्हणून आलेल्या ग्राहकाला नकार देण्याचा अधिकार विक्रेत्याला आहे. पण जो पस्तावलेल्या माणसाचा सौदा स्वेच्छेने फिरवून घेतो, त्याच्या चुका अल्लाह कयामतच्या दिवशी माफ करील, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आली आहे. आणि सदोष वस्तूसाठी तर ती पाटी शरीअतमध्येही ढाल होत नाही. दोष ठाऊक असून लपवणाऱ्याची जबाबदारी भिंतीवरच्या अक्षरांनी उतरत नाही.

शेवट काय झाला?

त्या तरुणाने त्याच संध्याकाळी दुकानात फोन केला. अंधारात घेतलेली चित्रे पाठवली आणि पहिल्या दिवशी शंभरेक फोटो काढल्याचेही न विचारता सांगितले. दुकानदार आधी म्हणाले, “कंपनी एवढे चालवून घेते.” मग फाइल पाहून म्हणाले, “आणून द्या. पण नवा पीस यायला दहा-बारा दिवस लागतील.” म्हणजे निकाह आणि वलीमा कॅमेऱ्याविनाच आले. त्याने त्या ज्येष्ठ छायाचित्रकारांचा कॅमेरा दोन दिवस भाड्याने घेतला. भाडे आणि दुकानापर्यंतच्या फेऱ्या यांत त्या कामाची बहुतेक कमाई गेली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण प्रवचनांतून प्रामाणिकपणाचा नफा लगेच हाती आल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि ऐकणाऱ्याला ते आपल्या बाबतीत घडताना दिसत नाही. त्याला त्या महिन्यात तोटा झाला. पण सत्य बोलून आणि दोष उघड करून जे खरेदी-विक्री करतात त्यांच्या व्यवहारात बरकत दिली जाते, आणि जे लपवतात त्यांच्या व्यवहारातील बरकत पुसली जाते, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे (सहीह बुखारी). बरकतीचा हिशेब महिन्याच्या वहीत मांडता येत नाही.

तेराव्या दिवशी नवा कॅमेरा आला. त्याने दुकानातच, काउंटरवर, लेन्सचे झाकण न काढता पहिले चित्र घेतले आणि मोठे करून पाहिले. मग बिल नीट घडी करून ठेवले. निघताना तो दुकानदारांना म्हणाला, “भाऊसाहेब, तो जुना पीस कोणाला दिलात तर ठिपक्यांचे सांगून द्या.” मला हे त्याने नव्हे, त्याच्यासोबत गेलेल्या मित्राने सांगितले. त्या कॅमेऱ्यातील ठिपके आता दुकानदारांकडे अमानत आहेत.

वाचकहो, आज रात्री आपल्या घरातील अशी एखादी वस्तू आठवून पाहा जिचा दोष केवळ आपल्याला ठाऊक आहे : विकायला काढलेली मोटारसायकल, आटलेली म्हैस, दुरुस्त केलेला मोबाइल. तो दोष घेणाऱ्याला सांगायचा की नाही, हा प्रश्न उद्या बाजारात नाही, आजच मनात सुटलेला बरा. कारण कयामतच्या दिवशी अंधारात घेतलेल्या चित्रासारखे आपले अंतःकरण समोर ठेवले जाईल, आणि उजेडात न दिसलेला प्रत्येक ठिपका तिथे दिसेल.

अल्लाह तआला आपणा सर्वांना आपला हक्क सभ्यतेने मागण्याची, दुसऱ्याचा हक्क न मागता देण्याची आणि हलाल कमाईवर समाधानी राहण्याची सद्बुद्धी देवो. माझ्या घाईच्या उत्तरांबद्दल मला क्षमा करो. आमीन.